उजव्या हाताचा पाहुणा

मुलांनो,

परवा फोनवर धाकटा सांगत होता की तिकडच्या डॉक्टरनं त्याला विचारलं, घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास होता का, आणि हा बेधडक सांगून आला की हो, आईच्या आजोबांना होता, ते पाहुण्यांसमोर धाडकन बेशुद्ध पडायचे. बाळा, पडायचे हे खरं. बाकी सगळं चूक. चूक तुझी नाही, तुझ्या आईची आहे. ती ही गोष्ट नेहमी मधूनच सुरू करते, हसू लागते आणि शेवटापर्यंत पोचतच नाही. मला शाळेत नन्सनी शिकवलं होतं की कुठलीही हकीकत सांगायची तर आधी कोण, मग कुठे, मग काय झालं आणि सगळ्यात शेवटी का, या क्रमानं सांगावी. त्याच क्रमानं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरला नीट उत्तर देता येईल.

आधी कोण. तुमच्या आईचे आजोबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणत असे. पाठशाळेत संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते. बनारसच्या आमच्या मराठी वस्तीत त्यांना मान होता, आणि तो कुठे कमी तर पडत नाही ना, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. उजव्या कानानं त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, आणि आम्ही आपोआप त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बोलायचो. बाहेर मात्र कुणाला कळता कामा नये, असा त्यांचा दंडक. उजवीकडून कुणी बोललं की ते मान पार वळवून डावा कान त्याच्यापुढे आणत आणि डोळे अर्धे मिटत. बाहेरच्यांना वाटे, काय आदरानं ऐकतात गुरुजी.

घरात ते धोतर आणि खांद्यावर उपरणं एवढ्यावरच असत. पण घरी कुणी मानाचं माणूस येणार असलं की त्यांचा कोट निघायचा. हा कोट त्यांच्या वडिलांचा. ते एका संस्थानच्या देवस्थानात कारभारी होते आणि दरबारात जाण्यासाठी त्यांनी तो शिवून घेतला होता. काळा, बंद गळ्याचा, हनुवटीला टेकेल एवढी उंच कॉलर, आत बकरम घालून पुठ्ठ्यासारखी कडक केलेली, आणि पुढे दोन हूक. मामंजींचे वडील काटकुळे होते. मामंजी काटकुळे नव्हते. हूक लावताना ते श्वास रोखून छताकडे बघत, सासूबाई समोरून ओढत, आणि हूक लागला की दोघंही एकदम 'हुश्श' करत.

आता कुठे. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. गल्ली अशी की समोरून सांड आला तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं आणि त्याची स्वारी जाईपर्यंत घरच्यांची खुशाली विचारत उभं राहायचं. पहिल्या मजल्यावर आमची बैठक, भिंतीशी गादी आणि लोड. घरचं वडीलधारं माणूस मधे बसणार आणि आलेला पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. मानाचा पाहुणा डावीकडे बसवणं म्हणजे त्याला चपलांपाशी बसवण्यासारखंच समजत.

आणि आता काय झालं ते.

नव्वदचं दशक सुरू झालं होतं. तुमची आई विद्यापीठात शिकत होती, तुमचे बाबाही तिथेच. दोघांनी आपसांत सगळं ठरवून टाकलं होतं आणि ते आम्हांला कळू नये याची इतकी खबरदारी घेतली होती की सगळ्या वस्तीला कळलं. तुमच्या बाबांचे वडील रेल्वेत होते. मंडळी मूळची नागपूरकडची, नोकरीमुळे इकडे आलेली. मुलं एकमेकांना पसंत, घरं एकमेकांना पसंत, राहिली होती फक्त बोलणी. ती आमच्याकडे एका रविवारी सकाळी ठरली.

पाहुणे आले. तुमचे ते आजोबा मामंजींच्या उजव्या हाताला बसले, त्यांच्यापलीकडे तुमची ती आजी, म्हणजे माझी होणारी विहीण. कोट चढवलेला, हूक लागलेले. पोहे झाले. तुमच्या त्या आजोबांनी हसत विचारलं, "मग आजोबा, आमच्या होणाऱ्या सुनेबद्दल तुम्ही काय सांगाल?"

मामंजींनी मान उजवीकडे पार वळवली, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "मुलगी स्वभावानं गरीब आहे. हुशार आहे. पण..."

एवढं म्हणून ते हळूच पुढे झुकले आणि व्याह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून थांबले.

व्याह्यांचं मन भरून आलं. त्यांनी मामंजींना दोन्ही हातांनी जवळ घेतलं आणि पाठीवर थोपटत म्हणाले, "असू द्या, असू द्या आजोबा. नात काय आणि सून काय, आता आपण सगळे एकच."

मामंजी काही बोलेनात. व्याही थोपटत राहिले. मग त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अहो ताई, हे झोपले की काय?"

मग एकच गोंधळ. कुणी कांदा आणला, कुणी पंखा. तुमच्या इकडच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, कोटाचे हूक काढले, मी तोंडावर पाणी मारलं, आणि मामंजींनी डोळे उघडले. सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोहे आणले का?"

"झाले पोहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोनदा घेतले."

विहीणबाई मात्र पुढे सरकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, पण काय?"

"काय पण?"

"तुम्ही म्हणाले ना, मुलगी हुशार आहे, पण... पण काय?"

मामंजींनी खूप आठवून पाहिलं. आठवेना. शिकवताना कधी एका ओळीत अडले नव्हते, पण हे 'पण' त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. विहीणबाई पदर सावरून उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच एक 'पण' होतं.

त्या दिवसापासून घरात निदान सुरू झालं. सासूबाईंचं म्हणणं, दृष्ट. व्याह्यांचे डोळे घारे होते, आणि कोट बघितल्याबरोबर ते म्हणाले होते, "वा, काय जुना माल आहे!" सासूबाईंनी लगेच मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर खकाणा उठला आणि मामंजी सोडून सगळे खोकले. तुमच्या आजोबांचं म्हणणं, गॅस. तुमचे आजोबा बँकेत होते आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या आजारांचं मूळ गॅस होता. दात दुखला तरी ते ओवा देत. माझं म्हणणं, हृदय, आणि मी चौकाजवळच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बनारसी होते. पान तोंडात ठेवून बोलायचे, त्यामुळे मान वर करून बोलायचे. मामंजींना ते गुरुजी म्हणत. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे मानाच्या माणसाकडे जायचं, म्हणून मामंजी कोट घालून गेले. तपासण्यासाठी तो अर्थातच उतरवायला सांगितला आणि मी तो दारामागच्या खुंटीला टांगला. हे लक्षात ठेवा. दर वेळी हेच झालं. मामंजी तपासले जायचे आणि कोट दारामागे लटकत असायचा.

कार्डिओग्राम काढायला कंपाउंडर आला. छातीला ते गार चिकट मलम लावू लागला तेव्हा मामंजी म्हणाले, "ये किस चीज़ का बना है?"

"जेली है बाबा."

"किसकी जेली? चरबी तो नहीं है?"

कंपाउंडरला हा प्रश्न आधी कुणी विचारला नसावा. तो डॉक्टरांकडे गेला, डॉक्टर डबीवरची बारीक अक्षरं वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गुरुजी, शुद्ध है. बिलकुल एकादशी वाली." मग जानव्याचा प्रश्न आला. ते काढायचं नाही, असं मामंजींचं म्हणणं; वायरींमधे येतं, असं कंपाउंडरचं. शेवटी जानवं कानाला गुंडाळलं आणि मामंजी त्या गादीवर एखाद्या विधीला पडल्यासारखे पडून राहिले. गुंडाळायला त्यांनी बहिरा कान निवडला, म्हणजे डॉक्टर काय बोलतात ते नीट ऐकू यावं.

कागद उत्तम आला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आपका दिल तो अभी अखाड़े में उतरने लायक है." रक्तदाब ठीक, साखर ठीक. जिने चढवून पाहिले, तेही ठीक. मामंजी खूश झाले आणि बाहेर येऊन त्यांनी जिलबी मागितली.

त्यानंतर व्याह्यांनी आम्हांला त्यांच्याकडे बोलावलं, नदीपलीकडे रेल्वेच्या क्वार्टरमधे. आता यजमान ते आणि पाहुणे आम्ही. म्हणून मामंजींना त्यांनी आपल्या उजव्या हाताला बसवलं, म्हणजे व्याही मामंजींच्या डाव्या बाजूला आले. मामंजी कोटात ताठ बसून छान गप्पा मारत राहिले. चांगलं अर्धं रेल्वे टाइमटेबल ऐकून घेतलं. काही झालं नाही. परत येताना टांग्यात मी म्हटलं, "बघा, हृदय नव्हेच, होता तो उन्हाचाच त्रास."

सासूबाई म्हणाल्या, "ऊन कसलं? आपल्या बैठकीतच काहीतरी आहे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गादी झाडली, लोड झाडले आणि कोपऱ्यात लिंबू ठेवलं.

मग साखरपुड्याचा मुहूर्त काढायला मंडळी पुन्हा आमच्याकडे आली. व्याही पुन्हा उजव्या हाताला. पंचांग उघडलं. व्याह्यांनी विचारलं, "आजोबा, अक्षय्य तृतीयेचं काय म्हणता?" मामंजींनी मान वळवली, डोळे अर्धे मिटले, आणि व्याह्यांच्या मांडीवरच्या पंचांगावर आडवे झाले.

या खेपेला आम्ही घाबरलो. त्यांना तसंच दवाखान्यात न्यायचं ठरलं. गल्लीत रिक्षा येत नाही, म्हणून त्यांना आरामखुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची उचलली. गडबडीत कोट काढून त्यांच्या अंगावर पांघरला होता. आता आमच्या गल्लीतून चौघांच्या खांद्यावर जे जातं ते कुठे जातं, हे बनारसच्या माणसाला सांगावं लागत नाही. पानवाल्यानं हात जोडले. दूधवाला सायकलवरून उतरला. एक म्हातारा आपल्या ओट्यावरून उठून गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी भी चले गए."

खुर्चीतून आवाज आला, "कहाँ चले गए? डॉक्टर के यहाँ जा रहे हैं!"

म्हातारा परत ओट्यावर बसला, तो बराच वेळ उठलाच नाही.

दवाखान्यात पुन्हा सगळं उत्तम. कोट दारामागे. कागदावर त्याच सुरेख, सारख्या रेषा. डॉक्टर कागद उलटा करूनही पाहायला लागले. म्हणाले, "बहूजी, ये गिरते कब हैं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नाची बोलणी असतात तेव्हा."

डॉक्टरांनी पान गालात सरकवलं. "हमारे ससुर भी गिर पड़े थे. लेकिन वो दहेज सुनकर गिरे थे."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी विहीणबाई एकट्याच आल्या. ओट्यावरच थांबल्या, आत यायला तयार नव्हत्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी माझ्या मोठ्या दिरांना असंच झालं होतं. आधी चक्कर, चक्कर म्हणत राहिले. मग एक दिवस... मी त्या जावेला पाहिलंय ना. हे असं घराण्यात उतरतं म्हणतात. मला एकच मुलगा आहे. मी काही नाही म्हणून राहिली नाही. पण मला जरा थांबू द्या."

त्यांचं भय खरं होतं आणि मला ते दिसत होतं. आणि आमच्याकडे दाखवायला होतं काय, तर एक म्हातारा माणूस, जो फक्त त्यांच्यासमोरच पडतो.

तुमच्या आईनं ते वरून ऐकलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन स्वतःचा कार्डिओग्राम काढून आली. तिथे बाकावर तुमचे बाबा बसले होते. त्यांनीही आपला काढून घेतला होता, कुणी सांगितलं नसताना, तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून. दोघं एकमेकांचे कागद बघत बसली होती म्हणे. डॉक्टर आम्हांला नंतर सांगत होते, "दोनों का नॉर्मल था, बस वहाँ बैठे-बैठे तेज़ हो रहा था."

तुमची आई तो कागद घेऊन थेट त्यांच्या घरी गेली. "काकू, हे बघा. माझं हृदय ठणठणीत आहे."

विहीणबाईंनी कागद हातात घेतला, प्रकाशात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या आजोबांचाही असाच साफ आला होता ना? हाच तर तुमच्या घराण्याचा रोग दिसतोय. कागद साफ येतो आणि माणूस पडतो."

तर्क म्हणून पाहिलं तर त्यात चूक काढता येत नव्हती.

मग मी ठरवलं की दवाखान्यात माणूस नेऊन काही होत नाही, तर दवाखानाच घरी आणायचा. डॉक्टरांना मी जेवायला बोलावलं. मामंजींना सांगितलं, डॉक्टर येणार आहेत. ते लगेच म्हणाले, "मग कोट काढा."

डॉक्टर आले. मानाचा पाहुणा, म्हणून बसले मामंजींच्या उजव्या हाताला. श्रीखंड वाढेपर्यंत काही झालं नाही, कारण मामंजी जेवणाकडे तोंड करून होते. डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहून डोळ्यांनीच विचारलं, आज गिरेंगे कि नहीं? सासूबाईंनी खांदे उडवले.

हात धुऊन डॉक्टर पुन्हा लोडाशी टेकले. त्यांनी मामंजींचं मनगट सहज हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि गप्पा मारू लागले. "गुरुजी, ये बताइए, आपके यहाँ श्राद्ध में खीर पहले परोसते हैं या बाद में?"

प्रश्न पाठशाळेतल्या माणसासाठी फारच गोड होता. मामंजींनी मान पार उजवीकडे वळवली, डोळे अर्धे मिटले.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. तोंडातलं पान थांबलं. "अरे!" ते म्हणाले. "अरे, ये तो रुक गई!" आणि मामंजी त्यांच्या अंगावर कलंडले. डॉक्टरांनी एका हातानं त्यांना धरलं आणि दुसऱ्या हातानं कॉलरचे दोन्ही हूक ओढून तोडलेच. हूक उडून श्रीखंडाच्या वाटीत पडला. "आ गई," डॉक्टर म्हणाले. "चल पड़ी. आ गई."

मामंजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बाद में."

"क्या बाद में?"

"खीर."

डॉक्टर हसले नाहीत. ते मामंजींच्या गळ्याकडे बघत होते. कॉलरचा काठ जिथे रुतला होता तिथे, उजव्या जबड्याखाली, एक लाल वळ उठला होता. त्यांनी कोट उतरवला आणि मामंजींना उजवीकडे बघायला सांगितलं. काही झालं नाही. डावीकडे, काही झालं नाही. मग कोट स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला आणि मान वळवून म्हणाले, "बाप रे."

आता का. ते डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितलं. जबड्याच्या खाली, मेंदूकडे रक्त नेणारी जी मोठी शीर असते, तिथे एक नाजूक जागा असते. ती शरीराची चौकी. तिथे दाब पडला की तिला वाटतं रक्ताचा जोर फार वाढला, आणि ती हृदयाला निरोप धाडते, हळू चाल. बहुतेकांचं हृदय जरासं हळू होतं. काही जणांची ती जागा, विशेषतः वय झाल्यावर, फार हळवी होते. मग हृदय क्षणभर थांबतंच आणि माणूस कोसळतो. मामंजी एरवी उघड्या गळ्यानं वावरत. कोट घालून डावीकडे किंवा समोर बोलत, तेव्हा कॉलर नुसती टोचत असे. पण उजवीकडे पार वळून डावा कान पुढे आणायचा म्हटलं की तो बकरमचा काठ बरोबर त्या जागेवर बसे.

"गुरुजी," डॉक्टर म्हणाले, "आपके दिल में कुछ नहीं है. आपको आपके पिताजी का कोट मार रहा है."

मग सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, कोटाला दृष्ट लागली."

मामंजींना ते पटेना. माझे वडील आयुष्यभर हा कोट घालत होते, ते कधी पडले नाहीत, वगैरे. तुमचे आजोबा म्हणाले, "बाबा, त्यांचा गळा तुमच्या निम्मा होता. आणि त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत होतं."

कानाचा उल्लेख परक्या माणसासमोर झाला! मामंजी लालबुंद झाले. डॉक्टरांनी हळूच उठून त्यांच्या डाव्या बाजूला जागा घेतली आणि म्हणाले, "मैं तो दो साल से दाहिने कान से बहरा हूँ, गुरुजी. इसीलिए कम्पाउंडर से चिल्लाकर बोलता हूँ." ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. मामंजी जरा शांत झाले.

आता प्रश्न उरला विहीणबाईंचा. डॉक्टर स्वतः त्यांना सांगायला तयार होते. पण मामंजी म्हणाले, "सांगून काय होणार? कागद साफ आले तेही सांगितलंच होतं. मी त्यांच्यासमोर कोट घालून एकदा पडून दाखवतो, आणि मग कोट न घालता न पडून दाखवतो."

"पडायचं नाही," डॉक्टर, सासूबाई आणि मी एकदम म्हणालो, दोन भाषांत.

शेवटी फक्त न पडण्याचं ठरलं. मंडळींना पुन्हा बोलावणं गेलं. डॉक्टरही आले. मामंजींचं एकच दुःख होतं. "नातीच्या लग्नाची बोलणी मी उघड्या अंगानं करू? लोक काय म्हणतील, गुरुजी घाटावरून उठून आले?" सासूबाईंनी नवं रेशमी उपरणं काढून दिलं. त्यांनी ते तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं घेऊन पाहिलं आणि तिन्ही वेळा ते त्यांना नापसंत पडलं.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी आपल्या नवऱ्याला हात धरून उठवलं आणि स्वतः मामंजींच्या उजव्या हाताला येऊन बसल्या. मांडी घातली आणि म्हणाल्या, "आजोबा, मी इकडून बोलते. तुम्ही वळून बघा माझ्याकडे. पार वळा."

मामंजींनी मान वळवली. पार. डोळे अर्धे मिटले. जिन्यावर तुमची आई श्वास धरून उभी होती, आणि दारातून तुमच्या बाबांना तेवढीच दिसत होती.

"ऐकू येतंय ना?" विहीणबाईंनी विचारलं.

"येतंय."

"मग सांगा. मुलगी हुशार आहे, पण काय?"

मामंजी तसेच वळलेले राहिले. पडले नाहीत. पण आठवता आठवता त्यांनी डोळे पुरते मिटले, आणि तुमच्या आईला वाटलं, संपलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजाळा आला.

"आठवलं!" ते म्हणाले. "पण सकाळी लवकर उठत नाही. मी आंघोळ, संध्या, सगळं उरकून येतो तरी ही लोळत असते."

विहीणबाई हसायला लागल्या. आधी थोड्या, मग इतक्या की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. मला वाटतं त्यात थोडं रडणंही होतं, इतके दिवस धरून ठेवलेलं. "एवढंच ना? अहो, आमचा तर दहाच्या आधी तोंड धुवत नाही! कुठली सून आणली तर ती उठवेल त्याला, ही काळजी होती मला. आता दोघंही झोपा म्हणावं."

"आई!" दारातून तुमचे बाबा म्हणाले.

"काय आई? मी काही खोटं बोलून राहिली का?"

मुहूर्त तिथेच निघाला. लग्नात मामंजी रेशमी उपरण्यात होते. त्यांच्या उजव्या हाताला विहीणबाई मुद्दाम येऊन बसल्या, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की भटजींना मंगलाष्टकं दोनदा थांबवावी लागली. कोट सासूबाईंनी उसवला. कापड उत्तम होतं. त्यातून देवघरासाठी आसनं झाली, आणि बकरम कुणी घेईना म्हणून गंगेत सोडलं.

मामंजी पुढे बरीच वर्षं जगले आणि पुन्हा कधीही पडले नाहीत. गेले ते तापानं, आपल्या गादीवर. नंतर सासूबाई गेल्या, मग डॉक्टर, मग तुमचे ते आजोबा, आणि तीन वर्षांपूर्वी तुमचे इकडचे आजोबा. त्या बैठकीतल्या वडीलधाऱ्यांपैकी आता आम्ही दोघी विहिणी उरलो आहोत, आणि रविवारी सकाळी फोनवर बोलतो.